खारपाणपट्ट्यातले चीपसाहेब

खोली बघायला गेलो तेव्हा चीपसाहेबांनी माझं नाव, गाव, पगार यातलं काहीच विचारलं नाही. दारात आडवं उभं राहून त्यांनी विचारलं, "पलंग केवढा हाय?"

"साधाच आहे. एकट्याचा."

"साधा मंजे केवढा? अन् त्याची घडी होते का?"

माझ्या पलंगाची घडी होत नव्हती. चीपसाहेबांनी एक उसासा टाकला. "मंग पयले तो आना. जिन्यानं वर जाते का पाहू. गेला तं खोली तुमची. नाही गेला तं तुमी कितीबी चांगले मानूस असले, तरी काय उपेग?"

पलंग गेला. वळणावर भिंतीचा रंग चांगला हातभर खरवडला गेला. मी ओशाळून खाली पाहिलं, तर घरमालक खुशीत ओरडत होते, "खरवडू द्या! आत गेला नं? आमचं तं आतच जात नव्हतं!"

काय आत जात नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पण पुढं मी त्या घरात राहिलो तितकी वर्षं ते मला इतक्या वेळा कळलं, की आजही झोपेतून उठवून विचारलं तर सांगू शकेन. हेलिकॉप्टर आत जात नव्हतं.

सुखदेव तायडे नौदलात हेलिकॉप्टरचे मेकॅनिक होते आणि चीफ या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे त्यांनी दोन मजली घर बांधलं होतं. गल्लीनं त्या 'चीफ'चा 'चीप' केला आणि त्यांनीही तो कधी दुरुस्त केला नाही. मी मूळचा अमरावतीचा, सरकारी बांधकाम खात्यातला कनिष्ठ अभियंता, तेव्हा नुकताच बदलून अकोल्याला आलेला. माझं काम बहुतेक अकोट-तेल्हाऱ्याच्या रस्त्यांवर असे. संध्याकाळी धुळीनं माखून परत आलो, की चीपसाहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असत. त्यांच्याजवळ शेजारचे रज्जाकभाई असत. त्यांचं कूलर बनवण्याचं दुकान होतं. देह भरपूर, आणि हसले की सगळेच्या सगळे हलत.

"बसा इंजिनेरसाहेब," चीपसाहेब म्हणत, आणि विषय कुठलाही असो, तो हेलिकॉप्टरवर येऊन टेकत असे.

त्यांची तक्रार एकच होती. कुणीतरी वरच्या माणसानं ठरवलं होतं, की आर्मीला आणि नेवीला एकच हेलिकॉप्टर द्यायचं. म्हणजे कारखाना एक, सुटे भाग एक, खर्च कमी. ऐकायला किती छान! "दोन भावायच्या लग्नासाठी एकच शेरवानी शिवली," चीपसाहेब सांगत. "एकाले ढगळ होते अन् दुसऱ्याचा हातच आत जात नाही. पन शिंप्याले विचारा, तो म्हनते, कापड पाहा नं साहेब, कापड किती चांगलं हाय!"

आर्मीला पहाडात उडायचं असतं. तिथं हवा पातळ, म्हणून यंत्र हलकं पाहिजे आणि इंजिन दांडगं. नेवीला उडून झाल्यावर हलत्या जहाजावर उतरायचं असतं, आणि उतरल्यावर जहाजाच्या पोटातल्या लहानशा खोलीत शिरायचं असतं. म्हणून डोक्यावरची पाती दुमडली गेली पाहिजेत. पहाडासाठी बनवलेल्या त्या यंत्राच्या पात्यांची घडी होत नव्हती. मग मागाहून ती करवली. "मंजे कशी? कागदावर झाली. कागद काय हलते?"

हे दाखवायला ते बायकोची, म्हणजे कमलाकाकूंची, मोठी काळी छत्री आणत आणि रज्जाकभाईंना समोर उभं करत. "तुमी जहाज."

"हर बार मैं ही जहाज क्यूं बनूं?"

"कारन तुमी हलता."

रज्जाकभाई हसत आणि खरंच हलत. मग चीपसाहेब छत्री घेऊन त्यांच्या काखेत शिरायचा प्रयत्न करत. समुद्र खवळलेला, जहाजाचा डेक तिरका, वारा कानात. एकेका पात्याला काठ्या लावून माणसं लोंबकळताहेत. घडी झाली एकदाची! आता यंत्र आत ढकला. आणि तेव्हा कळतं, की घडी होऊनही ते दारापेक्षा बोटभर रुंदच आहे. "आमचे साहेब म्हने, पुश! मी म्हटलं, सर, दरवाजा लोहे का है. साहेब म्हने, पुश!"

"फिर?"

"फिर क्या, रात्रभर ते बाहेर भिजलं अन् आमी त्याले धरून बाहेर भिजलो. घरचा बैल गोठ्यात मावत नाही तं मानूस त्याच्यासंगं पावसात उभा राह्यते, तसं."

कोणता कारखाना, कोणतं जहाज, हे त्यांनी कधीही सांगितलं नाही. "नोकरीची शपथ हाय," म्हणायचे. बाकीचं मात्र इतकं सांगायचे की शपथेला काही काम उरत नसे.

उलटीही गोष्ट होती. एकदा नेवीचं हेलिकॉप्टर आर्मीच्या सरावासाठी पहाडात पाठवलं. त्याच्या पोटाखाली पाणबुड्या शोधायचं यंत्र, बाजूला समुद्रात पडलं तर तरंगायच्या पिशव्या, शिवाय डेकला धरून ठेवायचा लोखंडी आकडा. एवढा संसार घेऊन ते पहाडावर गेलं आणि दमेकऱ्यासारखं धापा टाकू लागलं. आर्मीचा मेजर जवानांची रांग लावून उभा. त्यानं विचारलं, यात माझे किती जवान बसतील? चीपसाहेब इथं थांबून चहाचा एक घोट घेत. "मी म्हटलं, सर, आदमी नहीं जाएंगे. आलू का बोरा हो तो दे दो."

त्यांचा सिद्धान्त मात्र गमतीचा नव्हता. "मशीन वाईट नसते इंजिनेरसाहेब. तिले कुठं उभं राहाचं हाय, हे बनवन्याआधी कोनी विचारत नाही."

नोकरीनं त्यांना एक सवय लावली होती, ती म्हणजे धुणं. समुद्रावर मीठ यंत्राला खातं, म्हणून उडून आलेलं हेलिकॉप्टर आधी गोड्या पाण्यानं धुवायचं, मग बाकी सगळं. निवृत्त होऊन ते आले आमच्या खारपाणपट्ट्याच्या काठाला, जिथं विहिरीचं पाणीच खारट. रज्जाकभाईंच्या कूलरचे पत्रे दोन उन्हाळ्यांत गंजून गळायचे. "समुद्र सुटला पन मीठ नाही सुटलं," असं म्हणून चीपसाहेबांनी सगळंच धुवायला घेतलं. स्कूटर, खिडक्यांचे गज, फाटक, गल्लीतल्या लोकांच्या सायकली. अकोल्यात उन्हाळ्यात नळ येणार म्हटलं की बायका कामं टाकून घरी थांबत. त्या पाण्याची पहिली बादली चीपसाहेब स्कूटरवर ओतत.

"पाहा भाऊ, पाहा!" कमलाकाकू मला जिन्यातून बोलवत. "घरात प्याले पानी नाही अन् हा मानूस गाडीले आंघोळ घालून राह्यला! मले कधी बादली भरून देल्ली का यानं?"

"तू गंजत नाही," चीपसाहेब स्कूटर पुसत म्हणत.

यावर काकू आत जाऊन भांडी अशी काही आदळत, की रज्जाकभाई आपल्या दुकानातूनच ओरडत, "चीपसाब, तूफान आया! डेक छोडो!"

त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा. कापडगिरणीच्या कामाचा डिप्लोमा केलेली, बापासारखीच उंच आणि आईसारखी स्पष्ट. तिच्यासाठी एक स्थळ आलं, तेव्हा पाहुण्यांत माणूस कमी पडू नये म्हणून मलाही खाली बसवलं होतं. मुलगा चुणचुणीत. चीपसाहेबांनी विचारलं, "तुमाले काय येते?"

"काका, मी सगळंच करतो. दुकान आहे, शेती बघतो, प्लॉटिंग आहे. उद्या नोकरी लागली तर नोकरीही करेन. कुठेही फिट होतो मी."

मी चीपसाहेबांकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं, हे स्थळ गेलं. त्यांच्या डोळ्यांसमोर ते बोटभर रुंद हेलिकॉप्टर उभं राहिलं होतं. पाहुणे पोहे खाऊन गेल्यावर ते म्हणाले, "जे सगळ्यायसाठी बनवलं असते ते कोनाच्याच कामाचं नसते."

काकू संतापल्या. "पोरीचं लगन हाय, विमान नाही!"

"हेलिकॉप्टर," चीपसाहेबांनी दुरुस्त केलं.

पुढं प्रज्ञा अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या एका सूत कारखान्यात नोकरीला लागली आणि वर्षभरात तिथल्याच एका मुलाला घेऊन घरी आली. मुलगा इतका लाजाळू की चपला काढतानाही परवानगी विचारत होता. त्यालाही तोच प्रश्न. तो म्हणाला, "मले फक्त सूत समजते काका. बाकी काहीच येत नाही."

चीपसाहेब उठले, आत गेले आणि काकूंना म्हणाले, "शिरा कर."

आता ती मोठी गोष्ट सांगतो.

वऱ्हाडात शेतकरी जीव देत होते, ती वाईट वर्षं होती. पेपर उघडला की पहिल्या पानावर आमच्याच तालुक्यांची नावं. मग गाड्या यायच्या, समित्या यायच्या, पुढारी यायचे. उतरायचे, हात जोडायचे, फोटो व्हायचे आणि धूळ खाली बसायच्या आत निघून जायचे. अशात दिल्लीचे एक मोठे मंत्री हिवरखेडच्या अलीकडच्या एका लहान गावाला भेट देणार असं ठरलं. लष्करी हेलिकॉप्टर येणार होतं आणि हेलिपॅड बांधायचं काम माझ्याकडे आलं.

मी संध्याकाळी हे ओट्यावर सहज बोललो. चीपसाहेब खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

"चाकं हायेत का खाली नुसत्या दांड्या?"

"चाकं आहेत म्हणतात."

"अन् जमीन काळी! दांड्या असत्या तं पसरून बसलं असतं. चाक तं सुईवानी घुसते. मी येतो."

"काका, सरकारी काम आहे—"

"मंग तं आलंच पाह्यजे."

ते आले, आणि मला त्यांचा उपयोगही झाला. मुरूम जाड टाकून घेतला, रोलर फिरवून घेतला. पण सगळं झाल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "एवढी धूळ! पंख्याची हवा लागली की पायलटले काही दिसनार नाही. आंधळा होईल तो. पानी मारा." माझ्या साहेबांनाही ते पटलं. भेटीच्या सकाळी पाण्याचे टँकर मागवले गेले. सडा टाकायची जबाबदारी चीपसाहेबांनी स्वतःकडे घेतली. डोक्यावर नेवीची जुनी टोपी होती.

टँकर गावात शिरले आणि त्यांच्यामागून बायका आल्या. घागरी, हंडे, डबे, मिळेल ते घेऊन. गावची विहीर खारी. गोडं पाणी दूरवरून आणायचं किंवा विकत घ्यायचं. पुढं सुलोचनाबाई होती. त्या वर्षी मालक गेल्यावर दोन लेकरं आणि शेत एकटीनं सांभाळणारी. मंत्री ज्या घरांना भेटणार होते त्यांतलं एक घर तिचंच. तिनं टँकरच्या तोटीवर हात ठेवला आणि चीपसाहेबांना सरळ विचारलं, "आमाले प्याले नाही अन् तुमी मातीले आंघोळ घालून राह्यले?"

चीपसाहेब दचकले. हे वाक्य त्यांनी घरी शेकडो वेळा ऐकलं होतं आणि एकदाही त्यांच्या मनाला लागलं नव्हतं. ते टोपी काढून उभे राहिले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "तोटी खोल. पयले यायचं भरू दे."

"साहेब रागावतील," मी म्हटलं.

"रागवू द्या. हेलिकॉप्टर काही आताच येत नाही."

साऱ्या गावानं पाणी भरलं. भांडणं झाली, एक म्हातारी घागर ठेवून पुन्हा डबा घेऊन आली, चीपसाहेब रांग लावत राहिले. शेवटच्या टँकरमध्ये अर्धंअधिक पाणी उरलं असताना आकाशात घरघर ऐकू आली. ते वेळेआधीच आलं होतं.

"मार! मार सगळं!" चीपसाहेब ओरडले. सकाळभर हळूहळू शिंपायचं पाणी ड्रायव्हरनं एका दमात, एकाच कोपऱ्यात ओतलं आणि टँकर पळवला. हेलिकॉप्टर उतरलं. धूळ अजिबात उडाली नाही, हे मला मान्य करायला पाहिजे. पंखा थांबला आणि ते प्रचंड धूड एका बाजूला हळूच कलंडलं, पान खाणारा माणूस पिंक टाकायला वाकतो तसं. एक चाक मुरूम फोडून काळ्या मातीत रुतलं होतं.

मंत्री तिरक्या पायऱ्यांवरून हसत उतरले, हात जोडले, फोटो झाले. ठरल्याप्रमाणे ते लगेच निघणार होते. पायलट म्हणाला, हे बाहेर काढल्याशिवाय उडणार नाही. मंत्र्यांसाठी आलेला गाड्यांचा ताफा आधीच पुढच्या कार्यक्रमाला रवाना झालेला, बाटल्यांच्या पाण्याची खोकीही त्यातच. तो परत येईपर्यंत मंत्र्यांना शाळेच्या पडवीत बसावं लागलं. ऊन असं की बोलवत नव्हतं. त्यांनी पाणी मागितलं.

सुलोचनाबाईनं तांब्या आणून दिला. मंत्र्यांनी एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा आंबला. "इसमें नमक डाला है क्या?"

"आमी नाही टाकलं सायेब. हिरीतच हाय. लेकरं हेच पेतात."

सकाळी भरलेली गोडी घागर तिच्या घरात होती. तिनं मुद्दाम विहिरीचं पाणी आणलं होतं, हे मला नंतर कळलं. मंत्र्यांनी तांब्या खाली ठेवला नाही, हातातच धरून बसले. मग सुलोचनाबाई बोलायला लागली, आणि तिच्यामागं बाकीच्या. आजवर आलेल्या पाहुण्यांना वेळ नसायचा. याला कुठं जाताच येत नव्हतं. शेताचं झालं, लेकरांच्या वसतिगृहाचं झालं, पाण्याचं तर परत परत झालं. एकदा त्यांच्या सचिवानं घड्याळ पुढं केलं, तर सुलोचनाबाई म्हणाली, "बसू द्या नं त्यायले. चाक निघालं का?"

चाक निघालं नव्हतं. तिथं पायलट चिखलात उभा होता. तरुण, कडक इस्त्रीतला. "इतना पानी किसने डलवाया?"

माझे साहेब माझ्याकडे पाहू लागले. मी काही बोलायच्या आत चीपसाहेब पुढं झाले आणि त्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. "सर, मैंने."

पायलटनं टोपी पाहिली. "नेवी?"

"जी सर. हेलिकॉप्टर मेंटेनन्स."

"तभी तो!" पायलटला हसू आवरेना. "जमीन को डेक समझ के धो डाला!"

चीपसाहेब गोरेमोरे झाले. मग त्यांनी चपला काढल्या, धोतरासारखी पँट वर खोचली आणि चिखलात उतरले. बैलगाड्यांच्या फळ्या आणवल्या, गावातले गडी लावले, सामान उतरवून यंत्र हलकं केलं. खणायचं कुठून यावरून त्यांची आणि पायलटची चांगलीच जुंपली. कधी एकाचं बरोबर निघे, कधी दुसऱ्याचं. शेवटी चाक फळीवर आलं तेव्हा दोघंही कमरेपर्यंत काळे झाले होते, आणि पायलट त्यांना विचारत होता, "चीफ, वो ब्लेड फोल्डिंग वाली बात सच है?"

"सर, शपथ हाय," चीपसाहेब म्हणाले, आणि पूर्ण गोष्ट सांगितली. छत्री नव्हती, म्हणून फळी वापरली. जहाज मी झालो.

ताफा परत आला आणि मंत्री गाडीनं गेले. हेलिकॉप्टर रिकामंच उडालं. त्यानंतर त्या गावाला रोज टँकर सुरू झाला. नळ यायला मात्र पुष्कळ काळ गेला, आणि तो आला तेव्हा श्रेय घ्यायला बरेच जण होते.

परतीच्या वाटेवर अकोट मागं पडेपर्यंत चीपसाहेब पायांवरचा वाळलेला चिखल नखानं काढत होते. मग ते म्हणाले, "पायलट खरं बोलला. मी डेकच धुतला."

"जाऊ द्या काका."

"जाऊ कसं द्या? नेवीचा मानूस आर्मीच्या कामाले लावला. चुकी कोनाची?" आणि माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाले, "पाठवनाऱ्याची. मंजे तुमची!"

पुढं मला खुलासा विचारणारी नोटीस आली. 'सदर तायडे कोणत्या विभागाचे' असा त्यात प्रश्न होता. चीपसाहेबांनी ती ओट्यावर मोठ्यानं वाचून घेतली. "लिहा, नौदल. म्हना, समुद्रावर या अन् पकडा." रज्जाकभाई इतके हलले की खुर्चीचा पाय मोडला. प्रकरण कुठल्याशा टेबलावर झोपी गेलं.

त्यानंतर माझी बदली अमरावतीला झाली. पलंग जिन्यावरून उतरवताना चीपसाहेब खाली उभे राहून सूचना देत होते आणि काकू त्यांना गप्प बसायला सांगत होत्या. मग कधीमधी फोन, प्रज्ञाच्या मुलीच्या नामकरणाचं आमंत्रण, आणि एक दिवस ते गेल्याची बातमी. अंत्यविधीला मी पोचू शकलो नाही.

त्याच्या थोडं आधी मी त्यांना एकदा पाहिलं होतं. अमरावतीच्या बसस्टँडवर, दुपारी. दोघं प्रज्ञाकडून परत निघाले होते. बाकावर चीपसाहेब ताठ बसलेले, आणि काकू त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपलेल्या. काकूंचं मधे मोठं ऑपरेशन झालं होतं, एवढं मला ठाऊक होतं. मी हाक मारणार, तोच त्यांनी मला पाहिलं. मान हलवली नाही. मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं, फक्त.

अकोल्याची गाडी लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, "अकोला, अकोला! चला, कोनी हाय का अकोला?" मी खुणेनं गाडी दाखवली. चीपसाहेबांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. गाडी सुटली, फलाटावर धूर झाला, तेव्हा त्यांनी रुमालानं काकूंच्या तोंडासमोर हळूहळू वारा घातला आणि पुन्हा तसेच बसून राहिले.